दापोलीची मिरवेल आणि नागपूरचा मे महिना

पत्र : यजमानांच्या बदलीमुळे दोन वर्षांपूर्वी आम्ही दापोलीहून नागपूरला आलो. मनीषनगरात भाड्याचं बैठं घर आहे. पुढे पश्चिमेला ओटा, मागे पूर्वेला चार फुटांची मातीची पट्टी. येताना आईच्या बागेतली रोपं आणली होती. जायफळाचं एक, पोफळीची दोन, एक मिरवेल, अनंत आणि अँथुरियमच्या तीन कुंड्या. त्याच पावसाळ्यात आई गेली, त्यामुळे मला ती नुसती रोपं वाटत नाहीत. पहिल्याच मे महिन्यात जायफळ जळालं. पोफळीची पानं टोकाकडून वाळत जातात. मी दिवसातून तीनदा पाणी घालते. मागच्या पट्टीत लावलेला अनंत पिवळा पडला. ओट्यावरच्या मिरवेलीनं या पंधरवड्यात सगळी पानं टाकली, दोरीला बांधलेली नुसती काडी उरली आहे. उपटायला हात होत नाही. शेजारी म्हणतात, इथे कण्हेर नाहीतर बोगनवेल लावा. मे महिन्यात माहेरी जाणार आहे. येताना पुन्हा रोपं आणू की हा नादच सोडू? माझ्या हाताला यश नाही, असं वाटायला लागलंय.
— माहेर दापोली, मुक्काम नागपूर

उत्तर :

ताई,

तुमच्या हाताला काही झालेलं नाही. दापोलीत जो हात होता तोच इथेही आहे, बदलली आहे ती हवा. रोप आणताना आपण माती, खत, कुंडी सगळ्याचा विचार करतो, पण ते ज्या हवेत वाढलं ती हवा बरोबर आणता येत नाही.

'उष्ण कटिबंधातली झाडं' या शब्दांनी पुष्कळांची फसगत होते. नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या आत. त्या हिशेबानं आपणही उष्ण कटिबंधातच राहतो. पळसही उष्ण कटिबंधातला आणि जायफळही. पण पळस कोरड्या उन्हाळ्यात पानं झाडून फुलतो, आणि जायफळाला वर्षाचे बारा महिने दमट सावली लागते. तेव्हा रोपवाटिकेत 'हे उष्ण हवामानाचं झाड आहे' असं कुणी सांगितलं, की लगेच विचारावं, कोरड्या उष्णतेचं की ओल्या?

आता तुमच्या तीनदा पाणी घालण्याबद्दल. मे महिन्यात दापोलीला दुपारी ३२-३३ अंश असतात आणि हवेत ओलावा भरपूर. इथे पारा ४५ वर जातो आणि दुपारची आर्द्रता पंधरा टक्क्यांवर येते. २३ मे २०१३ ला तर नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढं बाष्प धरू शकते आणि प्रत्यक्षात जेवढं धरून असते, त्यातला फरक म्हणजे हवेची तहान. ३२ अंश व ७५ टक्के आर्द्रतेला जी तहान निघते, त्याच्या जवळजवळ सातपट तहान ४५ अंश व १५ टक्क्यांना असते. तेच पान, तेच मूळ, आणि हवा सातपट जोरानं पाणी ओढतेय. मुळाशी कितीही पाणी असलं तरी तेवढ्या वेगानं ते पानाच्या टोकापर्यंत पोचत नाही. मग झाड पानांवरची रंध्रं मिटून घेतं आणि कडा, टोकं जळतात. अशा वेळी आपण आणखी पाणी ओततो. मुळांभोवतीची हवा निघून जाते, मुळं गुदमरतात, आणि वरून जळणारं झाड खालून कुजायला लागतं. त्यातून दुपारचं पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून आलेलं असतं. एकदा दुपारी दोनला नळाखाली हात धरून बघा, म्हणजे ते मुळांना काय करत असेल ते कळेल.

म्हणून पाणी एकदाच, पहाटे, सावकाश आणि खोलवर द्या. कुंडीच्या खालच्या भोकातून निथळेपर्यंत. फारच ताप असेल तर दिवस मावळल्यावर थोडं. मधल्या वेळेला पाणी झाडाला न घालता झाडाभोवती घाला. कुंड्या घोळक्यानं ठेवा, त्यांच्यामधल्या फरशीवर, विटांवर सडा मारा. पानांवर दुपारी फवारे मारून उपयोग होत नाही, ते मिनिटभरात सुकतात आणि पाण्यातल्या क्षारांचे पांढरे ठिपके तेवढे मागे राहतात.

शेजाऱ्यांचं कण्हेर-बोगनवेलीचं म्हणणं मला पटत नाही, आणि त्याचं कारण नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. रामटेकच्या पानमळ्यांबद्दल ऐकलं असेल. तिथल्या बारई मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या नागवेल जपली. नागवेल आणि तुमची मिरवेल सख्ख्या बहिणी आहेत. दोघींच्या शास्त्रीय नावातलं पहिलं नाव एकच, पायपर. दोघी ओल्या, सावलीच्या रानातल्या. तरीही एक बहीण विदर्भात नांदली. तिच्यासाठी विदर्भाचं हवामान बदललं नाही, पानमळ्यापुरतं बदललं. वर सावली, बाजूनं वाऱ्याला आडोसा, पायाशी कायम ओल, पण पाणी साचू द्यायचं नाही. माणूस पानमळ्यात शिरला की त्याला अंगावर हवा बदललेली जाणवते. तुम्हाला चार फुटांच्या पट्टीत तेच करायचंय.

पहिलं काम म्हणजे ओटा रिकामा करा. पश्चिमेच्या ओट्यावर एप्रिल ते जूनमध्ये कोकणातलं काहीही ठेवू नका. दुपारी एकपासून सूर्य मावळेपर्यंतचं ऊन, तापलेली फरशी, तापलेली भिंत आणि त्याच दिशेनं येणारा गरम वारा, या चौघांपुढे मिरवेल टिकणारच नव्हती. तुमची पूर्वेची पट्टी खरं तर सोन्यासारखी जागा आहे. सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपार उलटली की घराचीच सावली पडते. ओट्याचं कौतुक करून आपण मागची पट्टी भांडी घासायला आणि जुन्या बादल्यांना देतो. ती मोकळी करा.

फक्त एक लक्षात ठेवा. २५-२६ मेच्या सुमाराला, म्हणजे नवतपा, उन्हाळ्यातले ते भाजून काढणारे नऊ दिवस, लागतो तेव्हाच, दुपारी सूर्य नागपूरच्या थेट डोक्यावर येतो. भर दुपारी उभ्या काठीची सावली पायाशीच गोळा होते. तिथून पुढे १७ जुलैच्या आसपासपर्यंत तो माध्यान्हीला किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे एरवी सावलीची म्हणून भरवशाची वाटणारी उत्तरेची भिंतसुद्धा त्या दिवसांत ऊन खाते. मी स्वतः अशा भिंतीच्या भरवशावर एका जूनमध्ये नेचे गमावले आहेत. तेव्हा त्या पट्टीवर डोक्यावरून हिरवी जाळी हवीच. पन्नास टक्क्यांची मिरवेलीला पुरते, अँथुरियमला पंचाहत्तरची लागते. पानांपासून दोन फूट तरी उंच बांधा, खाली लोंबली तर तिच्याखाली ऊब कोंडते. आणि नुसती वर बांधून थांबू नका. घर आणि कंपाउंडची भिंत यांच्या फटीतून वारा सुसाट येतो, त्या तोंडाशी एक उभी जाळी किंवा जुनी वाळ्याची ताटी लावा आणि ताटीवर दिवसातून दोनदा पाणी शिंपडा. मला विचाराल तर डोक्यावरच्या जाळीपेक्षा ही आडवी येणारी ताटीच जास्त झाडं वाचवते, आणि लोक नेमकी तीच लावत नाहीत.

कुंड्या काळ्या प्लॅस्टिकच्या असतील तर त्या उन्हात मुळांना भाजतात. मोठ्या मातीच्या कुंडीत ती प्लॅस्टिकची कुंडी ठेवा, मधल्या जागेत रेती भरा आणि रेती ओली ठेवा. माठ जसा पाणी गार करतो तशी बाहेरची कुंडी मुळं गार ठेवते. मातीवर तीन-चार बोटं जाड पालापाचोळा पसरा, आंब्याची वाळकी पानं, नारळाच्या शेंड्या, जे मिळेल ते. खोडाला मात्र चिकटू देऊ नका.

आता अनंताकडे येऊ, कारण त्याचं दुखणं उन्हाचं नाही. तुम्ही 'पिवळा पडला' एवढंच लिहिलंय. जवळ जाऊन बघा. नवीन, शेंड्याची पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, हिरव्या दोऱ्यानं काढलेल्या जाळीसारख्या, असं असेल तर झाडाला लोह मिळत नाहीये.

याची गंमत अशी, की दापोलीचा जांभा आणि नागपूरची काळी माती या दोघींचा बाप एकच, दख्खनचा काळा बेसाल्ट. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. त्यानं लाखो वर्षं त्या दगडातला चुना, सिलिका धुऊन नेलं आणि लोह मागे राहिलं, म्हणून जांभा लाल आणि आंबट. इथे पाऊस अकराशे मिलिमीटरच्या आसपास. चुना मातीतच राहिला, चिकणमाती झाली, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा टाकते. लोह या मातीतही आहे, पण चुन्याच्या, अल्कधर्मी मातीत ते अशा रूपात जखडून बसतं की अनंताच्या मुळांना उचलता येत नाही. वर बोअरचं जड पाणी घातलं की आणखी चुना.

म्हणून अनंत जमिनीतून काढा, पण आत्ता नाही, पाऊस चांगला पडून गेल्यावर. बारा-चौदा इंची कुंडीत कोकोपीट, कुजलेला पालापाचोळा, जाड रेती आणि जुनं शेणखत घ्या. काळी माती ओंजळभरापेक्षा जास्त नको. तोवर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला दोन-तीन ग्रॅम पाण्यात विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा. मातीत टाकलेलं हिराकस इथे थोड्याच दिवसांत पुन्हा जखडून जातं, त्यापेक्षा कृषी केंद्रातून 'ईडीडीएचए' रूपातलं लोह मागून घ्या. चुनखडीच्या मातीतही ते मुळांना मिळत राहतं. प्रमाण पुडीवर लिहिलेलं असतं, तेवढंच द्या.

पाण्याबद्दल जरा थांबून सांगते, कारण ही चूक मी दोन उन्हाळे केली. कूलरची टाकी साफ करताना निघालेलं पाणी वाया कशाला घालवायचं, म्हणून मी ते अँथुरियमला घालत होते. पानांची टोकं करपली, कुंडीच्या कडेला पांढरा थर धरला, तरी माझ्या लक्षात येत नव्हतं. कूलर पाण्याची वाफ करतो आणि क्षार टाकीतच ठेवतो. रोज नवीन पाणी, रोज थोडे आणखी क्षार. दीड महिन्यानं त्या टाकीत जे असतं ते झाडाच्या कामाचं नसतं. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाजूला पडणाऱ्या पाण्याचंही तेच. एसीतून टपकणारं पाणी मात्र हवेतल्या बाष्पाचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. घरात किंवा शेजारी एसी असेल तर नळीखाली बादली लावा आणि ते पाणी अनंत, अँथुरियम आणि मिरवेलीसाठी राखून ठेवा. पावसाळ्यात छपराचं पाणी ड्रममध्ये झाकून धरलं तर दिवाळीपर्यंत पुरतं.

कूलरचं पाणी नको, पण कूलरची हवा हवी! वाळ्याच्या ताट्यांतून आलेल्या हवेनं भरलेली खोली म्हणजे मे महिन्यातल्या नागपुरात कोकणाला सगळ्यात जवळची जागा. तुमच्या तीनही अँथुरियम एप्रिलच्या मध्यापासून मृगाचा पाऊस येईपर्यंत त्या खोलीत मुक्कामाला आणा. खिडकीजवळ उजेडात ठेवा, पण कूलरच्या तोंडासमोर नको, बाजूला. आठवड्यातून एकदा पानांच्या मागची बाजू ओल्या फडक्यानं पुसा. कोरड्या हवेत तिथे लाल कोळी धरतो, बारीक जाळं दिसतं आणि पान धुरकट होतं.

जायफळाचं काय, ते स्पष्टच सांगते. पुन्हा आणू नका. त्याला जी हवा लागते ती एका खोलीत महिनाभर करता येईल, अंगणात वर्षानुवर्षं नाही. शिवाय जायफळात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, एकुलत्या रोपाला फळ धरलंच असतं असं नाही. ते दापोलीतच वाढू द्या. तुमच्या गावच्या कोकण कृषी विद्यापीठानं 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद' यांसारखे वाण दिलेत. माहेरच्या वाडीत आईच्या नावानं त्यातलं एखादं कलम लावून घ्या, दरवर्षी जाऊन बघता येईल. पोफळी कुंडीत, सावलीत, शोभेच्या ताडासारख्या जगवता येतील, पण सुपारीची आशा ठेवू नका. जागा कमी पडली तर त्यांची जागा मी मिरवेलीला देईन.

आणि माहेरहून काय आणायचं, तर हळद. कंद आणा. मे महिन्याच्या उन्हाशी हळदीला भांडावंच लागत नाही, कारण ती तेव्हा जमिनीखाली झोपलेली असते. इथल्या हवेत नांदायचा हा दुसरा मार्ग आहे. आंबेहळद, आलं, सोनटक्का, भुईचाफा ही सगळी याच घराण्यातली. पावसात अंगभर पानं घेऊन येतात, कोरडे दिवस आले की खाली जातात. विदर्भाला हळद परकीही नाही. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. मेअखेर मोठ्या पसरट कुंडीत किंवा मागच्या पट्टीत, माती उंच करून, चार बोटं खोल लावा. पट्टीत काळ्या मातीत रेती आणि शेणखत सढळ हातानं मिसळा, नाहीतर जुलैत कंद कुजतील. पहिली नागपंचमी हुकली तरी गणपतीपर्यंत पातोळ्यांना पुरतील एवढी पानं नक्की मिळतील.

मिरवेलीच्या काड्या मात्र मे महिन्यात आणू नका. गाडीतल्या उन्हातच त्यांचा जीव अर्धा होईल. भावाला सांगून ठेवा, जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाठवू दे. पाऊस लागल्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत नागपूरची हवा ओल्या रानातल्या झाडांनाही मानवते, तेवढ्यात मूळ धरलं की पुढचा उन्हाळा झाड थोडं तयारीनं बघतं. वर चढणाऱ्या वेलीऐवजी मिरी धरणाऱ्या आडव्या फांद्यांच्या काड्या मागवा. त्यांची झुडूप मिरी होते, कुंडीत मावते आणि चार घोस देते. त्या फांद्यांना मुळं उशिरा फुटतात, म्हणून आठ-दहा काड्या तरी मागा.

थंडीचंही थोडं. लोकांना नागपूर म्हटलं की ऊनच आठवतं, पण २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता. दहाच्या खाली गेलं की अँथुरियमच्या पानांवर काळे डाग पडतात, मिरवेल पानं गाळते. डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी करा, सकाळी ऊन वर आल्यावर द्या, आणि रात्री कुंड्या भिंतीलगत ओढून घ्या. त्या दिवसांत तुमचा पश्चिमेचा ओटाच उबदार आणि चांगला. एप्रिलमध्ये जो वैरी, तोच जानेवारीत सोयरा.

राहिली दोरीला बांधलेली ती काडी. उपटली नाहीत ते फार बरं केलंत. आज दिवस मावळल्यावर तिच्याजवळ बसा आणि शेंड्यापासून सुरुवात करून अंगठ्याच्या नखानं साल अगदी हलकी खरवडा. आत तपकिरी, कोरडं लागलं तर दोन बोटं खाली या, पुन्हा बघा. असं करत पेराजवळ जिथे ओलसर हिरवा रंग दिसेल तिथे थांबा. त्याच्या वरचा भाग कात्रीनं कापून टाका. कुंडी मागच्या पट्टीत भिंतीपासून फूटभर सोडून ठेवा, खाली ओली रेती, वर जाळी, आणि पहाटे एकदा पाणी. खत अजिबात नको. मिरवेल पेरातून फुटते, आणि मुळं जिवंत असली तर मृगाच्या सरींनंतर जमिनीजवळूनही कोंब येतो. मातीच्या पातळीपर्यंत कुठेच हिरवं दिसलं नाही, तरी जुलै संपेपर्यंत कुंडी रिकामी करू नका. हिरवं कुठे लागलं, जमिनीपासून किती बोटांवर, ते मला कळवा.